एक मंडळी, एक उपासना आणि दहा वाजताची गोष्ट

पाळकसाहेब बरेच दिवसांपासून मागे लागले होते की हे सगळं एकदा नीट लिहून काढ. कारण तेव्हा पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा, सेक्रेटरी मी होतो आणि मिनिट बुक माझ्याच हातचं आहे, म्हणजे जी काही चूक झाली ती माझ्याच अक्षरात नोंदलेली आहे. चर्चचं नाव टाकत नाही, माणसांची तर नाहीच. नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबागकडच्या कोणीही वाचलं तर त्याला हे आपल्याच चर्चचं वाटेल, वाटू दे.

प्रकरण तसं छोटं. आमच्याकडे रविवारी दोन उपासना व्हायच्या, साडेसातला मराठी, दहाला हिंदी. मराठीला शंभरेक माणूस, हिंदीला पन्नासच्या आसपास. ज्या महिन्यात पाच रविवार येतात त्या महिन्याच्या पाचव्या रविवारी एकत्र उपासना. असे महिने वर्षाला चार, कधी पाच. बाकी हंगामाचा सण, गुड फ्रायडे आणि ख्रिसमसला सगळे एकत्र. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही म्हणणं नव्हतं, निदान आम्हाला तरी तसं वाटत होतं.

मग कोरोनानंतर माणसं कमी झाली ती झालीच. पाळक एक, तेच उपदेश दोनदा, त्यात त्यांचा गळा नेहमीच बसलेला. खजिनदारभाऊंनी विजेचं बिल टेबलवर ठेवलं, मे महिन्यात आमच्याकडे चार मोठे कूलर सकाळपासून चालतात तेव्हा कुठे माणूस बसू शकतो आणि दोन उपासना म्हणजे ते पाच तास चालणार. सप्टेंबरच्या मिटिंगमध्ये कोणीतरी म्हटलं, अहो आपण एकच मंडळी आहोत ना, मग दोन कशाला, लोक आपल्याला हसतात. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आजही तो ठराव वाचला की वाईट काही दिसत नाही त्यात. आगमनकाळाच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून एकच उपासना, वेळ साडेआठ, भाषा दोन्ही. कमिटीत अकरा जण, त्यातले हिंदी उपासनेचे दोघं, एक त्या दिवशी आलेच नव्हते आणि दुसरे गप्प बसले. मी मिनिट बुकात 'एकमताने मंजूर' लिहिलं.

तरुण संघाने उत्साहात फ्लेक्स पण छापून आणला, गेटवर लावला, 'एक मंडळी, एक उपासना'. नंतर कितीतरी महिन्यांनी हिंदीवाल्या एका आँटीने हसत हसत सांगितलं की त्यांचा नातू गेटवर उभा राहून वाचत होता, "एक मंड... मंड..." आणि पुढे त्याची गाडी अडली. ळ. त्यांच्या भाषेत ते अक्षरच नाही. एकीचा फ्लेक्स लावला आणि त्यात हिंदीवाल्यांना बोलता न येणारं अक्षर टाकलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता जरा मागे जातो कारण बाहेरच्या वाचणाऱ्याला वाटेल नागपुरात मराठी चर्चमध्ये एवढे हिंदीवाले आले कुठून. आले नाहीत, होतेच. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आला तेव्हा कामठीच्या छावणीत मद्रासच्या पलटणी होत्या, म्हणजे मराठी नसलेले, तमिळ-तेलुगू बोलणारे ख्रिस्ती लोक तेव्हापासूनचे. पुढे नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, 1956 पर्यंत जबलपूर, रायपूर, बिलासपूर, छिंदवाडा सगळ्यांचं हेड ऑफिस इथे, त्यामुळे नोकरीसाठी तिकडची ख्रिस्ती घरं इथे आली. बिलासपूर, दमोहकडे डिसायपल्स ऑफ क्राइस्टचं मिशन, छिंदवाड्याकडे स्वीडिश लुथरन, छत्तीसगडात विश्रामपूरला 1868 पासून जर्मन इव्हँजेलिकल. प्रत्येकजण आपापली सवय घेऊन आला. कोणी प्रार्थनेला गुडघे टेकतो, कोणी उभा राहतो, कोणी म्हणतो बाळाला बाप्तिस्मा द्यायचाच, कोणी म्हणतो पोरगं मोठं झाल्यावर स्वतः ठरवेल आणि पाण्यात पूर्ण बुडून घेईल. आमची मराठी घरं जुनी, स्कॉटिश मिशनच्या शाळेतून निघालेली, काहींचे पणजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर सुरू झाली की आमच्या घरातले म्हातारे डोळे मिटतात, आणि खरं सांगायचं तर हिंदीवाल्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, सूर आवडतो एवढंच.

आणि गंमत म्हणजे एकीची गोष्ट आम्हाला कोणी शिकवायची नाही, ती झालीच आमच्या गावात. 29 नोव्हेंबर 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं ते नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स, सहा चर्च एक झाले. बोलणी सुरू झाली होती 1929 ला लखनौला. म्हणजे एकेचाळीस वर्षं! आम्ही ते एका मिटिंगमध्ये, चहा यायच्या आत करून टाकलं. आणि त्या एकेचाळीस वर्षांनंतरही अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट चर्चने ऐन वेळी पाय मागे घेतला. आमच्या शेजारच्या मेकोसाबागचं नावच त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलंय, आणि तिथल्या लोकांशी आमच्या सोयरिकी होतात, मयतीला एकमेकांकडे जातो, चर्च वेगळं ते वेगळंच. जे सहा एक झाले त्यांनीही सगळं एकसारखं केलं नाही, बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही चालतील असं ठेवलं आणि जुन्या उपासनापद्धतीही वापरात राहू दिल्या. हे सगळं मला माहीत होतं, दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गात पाठ केलं होतं. त्या दिवशी आठवलं नाही, कशाला खोटं बोला.

तर आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्च खचाखच, मागे खुर्च्या टाकाव्या लागल्या, खजिनदारभाऊ खुश. दुसऱ्या रविवारी जरा विरळ. तिसऱ्याला मी मोजले तर हिंदीवाले चौदा. ख्रिसमसला परत सगळे, पण ख्रिसमसला तर कोण येत नाही. जानेवारीत जागा दिसायला लागल्या आणि फेब्रुवारीत कळलं की जरीपटक्याकडे एका घरी रविवारी अकरा वाजता तीस-पस्तीस माणसं बसून प्रार्थना करून राहिली आहेत, ढोलक घेऊन.

आमच्याकडे एकदम तापलं. फूट पाडतात, वेगळी मंडळी काढतील, उद्या जागा मागतील. एका काकांनी बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रातलं गटबाजीचं काढलं, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, बघा म्हणे हेच चाललंय. मग तिकडून पत्र आलं, अडतीस सह्या. मला वाटलं होतं पानभर तक्रारी असतील. एकच ओळ होती. "दस बजे की आराधना वापस दी जाए।" बस.

आता इथे आमची खरी चूक आहे म्हणून थोडं लांबवतो. आम्ही ते पत्र भाषेचं पत्र म्हणून वाचलं. त्यांना हिंदी पाहिजे, मग काय, साडेआठच्या उपासनेत हिंदी वाढवू, दोन गाणी अजून टाकू, उपदेशाचा सारांश हिंदीत सांगू. तसं उत्तर मी टाइप करून पाठवलं. उत्तराला उत्तर नाही. पत्रात 'हिंदी' हा शब्दच नव्हता हो! दहा वाजता एवढंच होतं. शेवटी आमच्या सौ.ने विचारलं, ती नर्सिंगमधली आहे, तुम्ही त्यांना विचारलं तरी का दहाच काहून? त्या सह्यांमधल्या बाया मोजा, म्हणे. मोजल्या. पंधरा-सोळा घरं अशी की घरात कोणीतरी दवाखान्यात स्टाफ नर्स नाहीतर आया, काही रेल्वेत. नाइट ड्युटी सुटते आठला. हँडओव्हर देऊन, घरी येऊन, आंघोळ करून, पोरांना तयार करून माणूस दहाला पोचतो, साडेआठला कसा पोचणार? आमची मराठी घरं चर्चच्या आजूबाजूला, बरीचशी रिटायर्ड, सकाळी फिरून येता येता उपासनेला बसणारी. ते लोक कामठी रोडवरून, जरीपटक्यावरून, काही तर पार कामठीवरून. दहाची वेळ तीस वर्षांपूर्वी कोणीतरी ड्युटी बघून ठरवली असणार, आणि ते ठरवणारे गेले तसं कारणही विसरलं गेलं, राहिली फक्त 'हिंदी उपासना'.

मग मी अजून एक काम केलं जे आधी करायला पाहिजे होतं. व्हेस्ट्रीतलं, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतलं, उपासनेचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक रविवारी हजेरी, अर्पण, वाचन कोणी केलं, प्रार्थना कोणी केली सगळं असतं. मागच्या दोन वर्षांतल्या पाचव्या रविवारच्या एकत्र उपासना काढल्या, आठ भरल्या, एक कोरोनाच्या भानगडीत झाली नव्हती. आठही उपदेश मराठीत. शास्त्रवाचन सोळा, त्यात हिंदीत तीन. मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे इतरांसाठी करायची ती, आठ, हिंदीवाल्याने केलेली एक. हिंदी गाणं प्रत्येक वेळी एक, आणि ते नेमकं अर्पणाच्या वेळी, म्हणजे थैली फिरून राहिली आहे, लोक खिशात सुटे शोधून राहिले आहेत, पोरं इकडून तिकडे, तेव्हा. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, रोस्टर मी करायचो ना. मला जे समोर दिसायचे त्यांची नावं लिहायचो, आणि जे साडेसातला येतात तेच मला दिसायचे. म्हणजे ज्याला आम्ही आठ वेळा 'एकत्र' म्हटलं ती साडेसातची उपासनाच होती, पाहुणे बोलावलेली.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, पाळकसाहेबांनी दोन्हीकडच्यांना बुधवारी संध्याकाळी बसवलं. उपदेश नाही दिला, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्येचा सहावा अध्याय वाचला फक्त. यरुशलेमची पहिली मंडळी, ग्रीक बोलणाऱ्यांची इब्री लोकांविरुद्ध कुरकूर की रोजच्या वाटणीत आमच्या विधवा सुटून राहिल्या आहेत. मग प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून म्हटलं तुमच्यातले सात जण निवडा. हे आम्हाला सगळ्यांना पाठ. पाळकसाहेब सात नावांवर थांबले आणि सावकाश वाचली, स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. म्हणाले, ही नावं ऐकून काही वाटतं का? कोणाला काही वाटलं नाही. मग म्हणाले, सगळी ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची, वाटणी त्यांच्याच हातात दिली. अर्धे ग्रीक अर्धे इब्री असंही नाही केलं. यावर विद्वान लोक म्हणतात की तेव्हा यहूदी लोकांतही ग्रीक नावं असायची, आणि ते खरंच आहे, फिलिप आणि अंद्रिया ही तर बारा शिष्यांतलीच नावं. पण सातच्या सात ग्रीक म्हटल्यावर विचार करायला लागतोच. मला चाळीस वर्षं चर्चमध्ये जाऊन हे कळलं नव्हतं.

मग चर्चा सुरू झाली आणि परत तेच, एका काकूंनी कळवळून म्हटलं, अगं पण आपण सगळे एक झालो तर किती छान. तेव्हा त्या आँटी उठल्या, नातवावाल्या, रिटायर्ड मेट्रन, आवाज वॉर्डभर जाणारा. म्हणाल्या, "काकू, एक होना है ना, तो एक बार आप आओ ना हमारे दस बजे। हम तो आ के देख चुके।" खोली एकदम गप्प. मला वाटतं सगळ्या प्रकरणातला सर्वात खरा प्रश्न तो होता. आत्तापर्यंत एकी म्हणजे त्यांनी यायचं आणि आम्ही 'या या' म्हणायचं.

ठरलं असं की दहाची उपासना परत सुरू आणि ईस्टरनंतर तीन रविवार कमिटीने आणि ज्यांना यायचं त्या मराठी लोकांनी दहाला येऊन बसायचं. गायचं, वाचायचं, पण चालवायचं काहीच नाही.

पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण गेलो. कुठे बसायचं तेच कळेना, कारण आमचे बाक ठरलेले आणि तिथे दुसरेच लोक बसलेले, त्यांचेही ठरलेले. गाण्याचं पुस्तक हातात, लिपी आपलीच, वाचता सगळं येतं आणि तोंडात काहीच बसत नाही. काही गाण्यांची चाल ओळखीची निघाली, तीच इंग्रजी चाल, आम्ही मराठीत गातो ते हिंदीत, तर दोन काकू सरळ मराठीत गायला लागल्या आणि कोणी वळून पण पाहिलं नाही. प्रभूची प्रार्थना आली. पाळकांनी म्हटलं आपापल्या भाषेत म्हणा. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आणि "हे हमारे पिता, तू जो स्वर्ग में है" बरोबरच निघाले, पण आमची झाली आधी. आमेन म्हणून आम्ही डोळे उघडले तर ते अजून 'राज्य और पराक्रम'ला पोचायचे होते, सावकाश, एकेक शब्द टाकत. आम्ही अकरा जण मान खाली घालून उभे. दहा-बारा सेकंदांची गोष्ट असेल, मोठी वाटली. मला करिंथकरांच्या पत्रातलंच आठवलं, काकांनी काढलेलं नाही, पुढचं, अकराव्या अध्यायातलं. तिथे प्रभुभोजनाला काही लोक आधीच येऊन खाऊन मोकळे व्हायचे आणि काही उपाशी राहायचे, त्यावर पौलाने शेवटी उपाय काय सांगितला, तर एकमेकांसाठी थांबा. एवढाच.

उपासनेनंतर त्यांच्याकडे चहा-समोसा असतो, आमच्याकडे कधी नव्हता, आम्ही आमेन झालं की घरी. तिथे कळलं की एका मुलाचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन अडलंय, एकाच्या आईला डायलिसिस चालू आहे. डायलिसिसवाली घरं आमच्या प्रार्थनेच्या यादीत नव्हती. यादी मराठी उपासनेत बनायची.

दुसऱ्या रविवारी आमचे सातच आले, तिसऱ्याला नऊ. फार मोठी क्रांती झाली असं काही नाही.

शेवटी जे ठरलं ते ठरावात असं आहे. दोन्ही उपासना आपापल्या वेळेवर राहतील. पाचवा रविवार एकत्र, पण एकदा मराठीवाले चालवतील आणि एकदा हिंदीवाले, चालवतील म्हणजे उपदेशाची भाषा, गाणी, रोस्टर, वेळसुद्धा त्यांची. हिंदीवाल्यांनी त्यांच्या पाळीला अर्थातच दहा ठेवले. आजाऱ्यांना भेटी आणि गरजू घरांना मदतीची यादी एकच, ती आता तीन माणसांकडे आहे आणि तिघंही दहावाले. यावर आमच्याकडे कुजबूज झाली, होणारच, पण यादी आधीपेक्षा बरी चालते हे कुजबुजणारे पण मानतात. अर्पणाचा हिशोब एकच होता तो एकच राहिला, फक्त आता दोन्हीकडे वाचून दाखवला जातो, आधी साडेसातलाच वाचायचे.

आणि विजेचं बिल? ते तेवढंच आहे. मे महिन्यात खजिनदारभाऊंचा चेहरा बघवत नाही. हिंदीवाल्यांनी हंगामाच्या सणाच्या लिलावात एका भोपळ्याला असा भाव दिला की दोन कूलरचे पैसे निघाले, त्यावर जोक पण झाले, पण दर महिन्याला भोपळा थोडी येतो. पाळकसाहेबांचा गळाही तसाच आहे, महिन्यातून एक रविवार त्यांच्याऐवजी मंडळीतलंच कोणीतरी उपदेश करतं, तेवढाच आराम.

जे सुटलं नाही तेही सांगतो. जरीपटक्याच्या त्या घरात बसणाऱ्यांपैकी तीन-चार घरं परत आलीच नाहीत. त्यातलं एक घर माझ्या लहानपणापासून ओळखीचं, त्यांच्या आजी आम्हाला नाताळात करंज्या पाठवायच्या. मी दोनदा जाऊन आलो. चहा दिला, छान बोलले, "जय मसीह की" म्हणून गेटपर्यंत सोडायला आले, चर्चचा विषय निघाला की फक्त हसले. आणि मिनिट बुकातलं ते 'एकमताने मंजूर' मी खोडलेलं नाही, खोडता येतही नाही, पण आता कोणी गप्प बसलं तर 'एक सदस्य काही बोलले नाहीत' असं वेगळं लिहितो.

फ्लेक्स पावसाळ्यात फाटला. तरुण संघाने नवीन करायचा विचार केला तर मजकुरावर एकमत होईना, म्हणून गेटवर आता फक्त वेळा आहेत. त्याच तरुण संघाने मागच्या महिन्यात अर्ज दिलाय की त्यांना संध्याकाळी सहाला गिटार-ड्रमची इंग्रजी उपासना पाहिजे. अर्ज वाचल्याबरोबर त्या कळवळणाऱ्या काकू म्हणाल्या, अरे पण मग आपण एक कसे राहणार, आणि मेट्रन आँटींनी त्यांचा हात दाबला आणि पोरांना विचारलं, "छे बजेच क्यूँ?" अर्ज पुढच्या मिटिंगच्या अजेंड्यावर आहे, चार नंबरला.